दुनळीची पोथी

ज्या ग्रंथाची गरज एका संपूर्ण शहरात एकाच मनुष्यास असते, त्या ग्रंथाचे प्राक्तन मोठे विचित्र असते. पुस्तकविक्रेता तो मागवीत नाही, कारण दुसरी प्रत उचलणारा कोणी नसतो. ग्रंथपाल तो विकत घेत नाही, कारण मागणीच्या वहीत त्याचे नाव कधी चढलेलेच नसते. प्रकाशकाने तर आवृत्ती संपली त्या दिवशीच त्याचा पिंड मोकळा केलेला असतो. आणि तरीही ज्याचे काम त्या ग्रंथावाचून अडून राहिले आहे तो एकटा मनुष्य स्वतः स्वस्थ बसत नाही व शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही बसू देत नाही. आमच्या गारखेड्यात असे एक गृहस्थ आहेत. गजानन महाराजांच्या मंदिराकडून सूतगिरणी चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांचे घर असून सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत उभी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि मी ग्रंथालयाच्या नोकरीतून निवृत्त झालो. तेव्हा अडलेले काम त्यांचे आणि पुस्तक शोधण्याची पायपीट माझी, अशी वाटणी आम्हां दोघांत फारशी चर्चा न होताच ठरून गेली.

अडलेले काम होते एका बंदुकीचे. अण्णांच्या आजोबांकडे गोदाकाठच्या एका गावची देशमुखी होती आणि देशमुखीबरोबर येणाऱ्या वस्तूंत, म्हणजे वाडा, दोन बैठकीचे लोड, तांब्याचे घंगाळ आणि अनेक न संपलेले दावे यांत, एक बाराबोअरची दुनळी होती. बाराबोअर म्हणजे काय, हे तिचा परवाना बाळगणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते: एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले, तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बाराबोअरची, तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. अण्णांच्या दुनळीचे घोडे बाहेरच्या अंगास आहेत, कान टवकारल्यासारखे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे. दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीवर ‘मँटन, कलकत्ता’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. जोसेफ मँटन हा लंडनचा विख्यात बंदूककार १८३५ साली वारला. परंतु त्याच्या घराण्याचे नाव लावणारी पेढी कलकत्त्यात पुढे दीर्घकाळ चालली आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडविलेल्या बंदुका आपल्या नावाने विकीत राहिली. नळ्या उलट्या करून पाहिल्या म्हणजे बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे ठसे दिसतात. पार्लमेंटच्या कायद्याने १८१३ साली स्थापन झालेल्या या गृहात प्रत्येक नळीत प्रमाणापेक्षा जास्त दारू ठासून बार काढीत आणि जी फुटली नाही तिच्यावर मुद्रा उमटवीत. अण्णांच्या नळ्यांवर त्या मुद्रांच्या शेजारी ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. हा इशारा साधारण १८७५ ते १८८७ या काळातल्या, तोंडाशी किंचित आवळलेल्या नळ्यांवर ठोकीत असत. त्यामुळे बंदुकीचे वय आपोआप हाती लागते.

परंतु तिचे खरे वैभव या मुद्रांत नाही, नळ्यांच्या पोतात आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या बारीक सळया एकत्र तापवून त्यांना पीळ द्यायचा, पिळलेल्या सळयांची पट्टी करायची, ती पट्टी एका दांड्याभोवती वेटोळी गुंडाळून ऐरणीवर ठोकून एकजीव करायची आणि मग आतून बाहेरून कोरून-तासून नळी सिद्ध करायची, अशी ती दमास्कस नळ्यांची घडण होती. अखेरीस त्यावर हलका गंज चढविला म्हणजे लोखंड गडद होते, पोलाद फिके राहते आणि एका धातूच्या अंगावर दुसऱ्या धातूची वेलबुट्टी उमटते. आमच्याकडचे जुने लोक तलवारीच्या अशा नक्षीला जौहर म्हणत. येथे हेही सांगितले पाहिजे, की ज्या पोलादाच्या तलवारींनी दमास्कस हे नाव जगभर केले ते पोलाद निजामाच्याच मुलखात, तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी मुशींतून काढीत आणि इराणी सौदागर ते विकत घ्यायला तेथवर येत. बर्मिंगहॅमची पिळाची नळी आणि कोनासमुद्रमचे मुशीतले पोलाद या विद्या वेगळ्या, नक्षीचे कारणही वेगळे. पण नाव एकच पडले.

या बंदुकीच्या दफ्तराचा इतिहासही बंदुकीइतकाच पाहण्यासारखा आहे. पहिला परवाना उर्दूत, खाली अव्वल तालुकदारांची सही. निजामाच्या राज्यात जिल्हाधिकाऱ्यास अव्वल तालुकदार म्हणत, आणि त्याच्या वरच्या सुभेदाराची आठवण म्हणून आमच्या शहरात आता एक सुभेदारी विश्रामगृह तेवढे उरले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. अण्णांचे आजोबा सांगत, की त्या धामधुमीत बंदूक सरकारजमा झाली आणि पुष्कळ अर्जविनंत्यांनंतर परत मिळाली. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला, तेव्हा परवाना इंग्रजीत आणि मग मराठीत गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपविली आणि बंदुकीला घरात बसून राहण्यापलीकडे काम उरले नाही. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून अण्णांकडे वारसनोंद झाली. दर निवडणुकीला आचारसंहिता लागते, शस्त्र जमा करण्याची नोटीस येते, अण्णा बंदूक फडक्यात गुंडाळून ठाण्यात देतात, पावती घेतात आणि निकालानंतर सोडवून आणतात. अशाच एका मुदतीत पावसाळा मध्ये आला. ठाणे कोणते ते सांगण्याचे प्रयोजन नाही. बंदूक परत आली ती नळ्यांवर तांबड्या गंजाचे चट्टे घेऊन, आणि तेथून या हकिकतीस आरंभ झाला.

कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला गंज काढणे ही काही विद्या वाटत नाही. वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पॉलिश करणारे, निकेल चढविणारे आणि ब्लॅकोडायझिंग करणारे मुबलक आहेत. खाऱ्या रसायनाच्या उकळत्या टाकीत भाग सोडावा आणि अर्ध्या तासात काळाकुळकुळीत होऊन निघावा, हे अण्णांनी हजारो बोल्टांच्या बाबतीत पाहिले होते. त्यांना अडविले ते प्रथम कायद्याने. शस्त्र कायद्याचे पाचवे कलम शस्त्र बनविण्याला व विकण्यालाच नव्हे, तर दुरुस्त करण्यालाही वेगळा परवाना मागते. तेव्हा नळ्या घेऊन वाटेल त्या कारखान्यात जाणे म्हणजे गुन्हा. आणि दुसरे अडविले ते एका जुन्या इंग्रजी मासिकातील चार ओळींनी. त्या ओळींत एका पुस्तकाचा उल्लेख होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका कारागिराने लिहिलेले, जुन्या दुनळींच्या जीर्णोद्धारावरचे ते पुस्तक एकदाच छापले गेले आणि संपले. त्याचे नाव मी येथे देत नाही. जुन्या पुस्तकांचे विक्रेतेही ललित निबंध वाचतात, आणि आणखी कोणाला ते हवे असेल तर त्याला ते परवडावे अशी माझी इच्छा आहे.

ग्रंथपालाचा पहिला विश्वास सूचीवर असतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी गेलो. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने मराठवाड्याला वाचायला शिकविले असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही, आणि तेथील इतिहासाच्या विभागात शस्त्रांविषयी जे आहे ते मौलिक आहे: एगर्टनची भारतीय शस्त्रांची १८८० ची सूची, किल्ल्यांची वर्णने, तोफांवरील लेखांचे वाचन. पण तो सर्व पाहणाऱ्याचा ग्रंथसंग्रह आहे, दुरुस्त करणाऱ्याचा नव्हे. तलवार कोणाची, तोफ कोणी ओतली, मुद्रेवर साल कोणते, हे तेथे मिळते. तिचा गंज कसा काढावा, हे मिळत नाही. औरंगपुऱ्यातल्या बलवंत वाचनालयात शिकारकथांचे कपाट अजून भरलेले आहे. पट्टेवाल्या वाघाच्या डोळ्यांत कसे पाहावे, माचाणावर रात्र कशी काढावी, हे आमच्या लेखकांनी फार रसाळपणे लिहिले. मात्र सकाळी माचाणावरून उतरल्यावर दवाने भिजलेल्या नळीचे काय करावे, याविषयी एकालाही काही सांगावेसे वाटले नाही. बंदूक पुसण्याचे काम बहुधा नोकराकडे असावे, आणि नोकराने आत्मचरित्र लिहिले नाही.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही, कारण ती याच शहरात घडली. १७५१ साली बुसी हा फ्रेंच सेनानी सलाबतजंगाबरोबर औरंगाबादेत येऊन राहिला, आणि कवायती पायदळ व जलद चालणाऱ्या तोफा काय करू शकतात हे दख्खनने प्रथम त्याच्या छावणीत पाहिले. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे भाऊसाहेबांच्या पदरी आला आणि पानिपतावर निष्ठेने मेला. महादजी शिंद्यांनी त्यानंतर दि बॉइनला ठेवले व आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश ओताऱ्याकडून तोफा ओतविल्या. माणूस आला, तोफ आली, कवायत आली. परंतु ते शास्त्र ज्या पोथ्यांत होते त्या पोथ्या कोणी मागविल्या नाहीत, आणि मागविल्या असत्या तर त्यांचे मराठीकरण करण्यास कोणा शास्त्र्याला सांगितले असते, असेही दिसत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या पूर्वजांच्या ठायी असलेल्या या भौतिक जिज्ञासेच्या अभावावर जे कोरडे ओढले आहेत ते पुष्कळांना झोंबले. मला मात्र त्यांच्या रागाचा उगम नेहमी समजत आला आहे. निगेची जाणीव आपल्याकडे नव्हती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर असावा, आठ-पंधरा दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे, अशी बारीक ताकीद आहे, आणि ती देणारा मनुष्य कोठाराच्या दमट वासाशी परिचित होता हे प्रत्येक शब्दावरून कळते. परंतु ती निगा साठ्याची आहे. यंत्र उघडून, आत काय चालते ते पाहून, पुन्हा जुळवून ठेवण्याची विद्या शिकलगाराच्या आणि लोहाराच्या हातात राहिली, कागदावर उतरली नाही. इंग्रजी अमदानीत तर उतरण्याचा संभवच संपला: १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांना परवान्याच्या कचाट्यात धरले व युरोपियनांस मोकळे सोडले, आणि ज्यांना बंदूक बाळगण्यास मुभा होती त्यांच्याचसाठी बंदुकीची पुस्तके लिहिली गेली. ती इंग्रजीत होती, साहेबांच्या क्लबांत आणि पलटणींच्या मेसमध्ये होती. साहेब गेले तेव्हा बंदुका पुष्कळशा येथे विकून गेले. पुस्तकांचे पेटारे एक तर बरोबर गेले किंवा रद्दीत गेले.

म्हणून माझ्या शोधाची दिशा ग्रंथालयांकडून रद्दीकडे वळली. आमची छावणी ही एके काळी हैदराबाद कंटिंजंटची. ती फौज १९०३ च्या सुमारास इंग्रजी लष्करात विलीन झाली, तरी छावणीचा छावणीपणा राहिला. तेथील आणि जुन्या बाजारातील रद्दीवाल्यांशी माझा नोकरीपासूनचा परिचय आहे. या लोकांची विद्वत्ता निराळ्या जातीची असते. पुस्तकाचे नाव त्यांना वाचता येत नसले तरी कातडी बांधणी, सोनेरी कड आणि चित्रांची पाने यांवरून ते त्याची किंमत अशी अचूक सांगतात की वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांच्याकडे बायबले निघाली, घोड्यांच्या रोगांवरचे एक जाडजूड पुस्तक निघाले, पलटणीच्या हिशेबाची वही निघाली. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावरचे विक्रेते आता बहुतेक स्पर्धापरीक्षांवर जगतात. काळबादेवीचे जुन्या-नव्या पुस्तकांचे नामांकित दुकान केव्हाच मिटले, आणि फोर्टातला स्ट्रँडही २०१८ साली बंद झाला. हैदराबादेस मात्र रविवारी आबिड्सचा पुस्तकबाजार अजून भरतो. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर मांडलेल्या त्या ढिगाऱ्यांत एका रविवारी मला मेजर बरार्ड यांच्या ‘द मॉडर्न शॉटगन’ या प्रख्यात त्रिखंडात्मक ग्रंथाचा एक खंड सापडला.

बरार्डचा हा ग्रंथ १९३१-३२ चा. या विषयात त्याच्याइतका सुबोध लेखक दुसरा नाही आणि त्याचे हिंदुस्थानाशी नातेही जवळचे: त्याचे वडील सर सिडनी बरार्ड हे भारताचे सर्व्हेअर जनरल होते, आणि हिंदुस्थानात वापरावयाच्या शिकारी रायफलींवर मुलाने १९२० सालीच एक पुस्तक लिहिले होते. पहिल्या खंडात बंदूक, तिसऱ्यात बंदूक व काडतूस यांचा परस्परसंबंध, आणि दुसऱ्यात केवळ काडतूस. मला सापडला तो दुसरा. अण्णांच्या बंदुकीतून कधी काळी बार निघण्याची शक्यता नव्हती. तिच्या नळ्या काळ्या दारूच्या जोरावर पारखलेल्या, आणि आजचे काडतूस तिच्यात भरणे म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर उदार होणे. तरीही अण्णांनी तो काडतुसांचा खंड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि कारखान्यातल्या सवयीप्रमाणे समासात पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या. ग्रीनरचा ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ पुनर्मुद्रणात मिळाला. त्याची नववी आवृत्ती १९१० ची, आणि दमास्कस नळी कशी घडते ते त्यात चित्रांसह आहे. रंगकामावरचे अँगिअरचे १९३६ चे अमेरिकन पुस्तक एका परिचिताने चार दिवसांच्या बोलीवर वाचायला दिले. त्या सर्वांनी प्रश्नाला प्रदक्षिणा घातली. हवे असलेले पुस्तक हवेच राहिले.

ते अखेर आले अण्णांच्या पुतण्याच्या बॅगेतून. हा मुलगा कॉव्हेंट्रीस मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे, म्हणजे ज्या बर्मिंगहॅममधून बंदूक निघाली त्याच्या शेजारी. आणि सुटीच्या दिवशी तो वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावी गेला असता एका दुकानाच्या तळघरात, मासेमारी आणि कुत्र्यांचे संगोपन यांच्या मधल्या फळीवर, ते त्याच्या हाती लागले. याच गावाच्या धर्तीवर आपल्याकडे पाचगणीजवळ भिलारला पुस्तकांचे गाव वसविण्यात आले, ४ मे २०१७ रोजी; मी ते पाहिले आहे आणि मला ते आवडलेही आहे. लोकांच्या ओसरीवर बसून स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडे पाहत पुस्तक वाचावे, ही कल्पनाच मुळी रम्य आहे. तथापि भिलारची पुस्तके वाचून तेथेच ठेवावयाची आहेत, आणि कथा, कविता, संतसाहित्य, इतिहास अशा घरांत ‘दुरुस्ती’ या विषयाचे घर मला दिसले नाही. ते असावे. पंप, शिवणयंत्र, हार्मोनियम, चाकाचे घड्याळ, या प्रत्येकावर कोठे तरी, कोणी तरी, एकदाच छापलेले एखादे पुस्तक असणारच.

दिवाळीत पुतण्या आला आणि पोथी अण्णांच्या टेबलावर उघडली. पूर्वीच्या कोणा मालकाच्या तेलकट अंगठ्याचा ठसा एका पानावर स्वच्छ उमटलेला होता. ग्रंथालयात असताना मी असे पान पाहून कपाळाला आठी घातली असती, येथे मात्र ते पान महत्त्वाचे असणार एवढाच अर्थ मी घेतला. लेखकाची भाषा करकरीत होती. नळ्या दस्त्यापासून सुट्या कराव्यात, आकड्यावर टांगून बोटाच्या पेराने टकटकवाव्यात. नाद घंटेसारखा घुमला तर नळ्यांमधली पट्टी पक्की, नाद घोगरा आला तर डाख सुटलेला. पेचकस विकत घेऊन वापरू नये; प्रत्येक मळसूत्राच्या खाचेप्रमाणे त्याचे पाते घासून घ्यावे, कारण जुन्या बंदुकीची अब्रू तिच्या मळसूत्रांच्या माथ्यांवरून कळते. सांधा कोठे घासतो ते पाहावयाचे असेल तर दिव्याच्या काजळीचा हात फिरवावा, बंदूक मिटवून उघडावी, आणि काजळी जेथे पुसली गेली तेथेच कानस लावावी, तीही केसभर. दस्त्यात मुरलेले जुने तेल खडूच्या भुकटीने शोषून घ्यावे. आणि मग दस्त्याला जे तांबूस तेल लावायचे त्याची कृती वाचताना अण्णा उठून उभेच राहिले. लंडनच्या बंदूककारांचे ते प्रसिद्ध लाल तेल म्हणजे जवसाच्या तेलात मुरवलेली अल्कानेटची मुळी. तिची येथली बहीण म्हणजे रतनज्योत, जिने आमच्या शहरातल्या खानसाम्यांचे रोगनजोश लाल होते. आणि जवस तर मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातले पीक. दोन्ही जिन्नस शहागंजातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानी एकाच पुडीत बांधून मिळाले.

परंतु अंगठ्याचा ठसा होता त्या पानावर जे लिहिले होते त्यासाठी हा सर्व खटाटोप सार्थ झाला. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी यांचा जोड कथील-शिशाच्या मऊ डाखाचा असतो. उकळत्या दाहक क्षाराची टाकी, जिला आमच्या वसाहतीत ब्लॅकोडायझिंग म्हणतात, तो डाख खाऊन टाकते, आणि जो क्षार पट्टीखाली शिरतो तो पुढे वर्षानुवर्षे आतून गंज उत्पन्न करीत राहतो. नळ्या टाकीतून निघताना सुंदर दिसतात. काही महिन्यांनी पट्टी उचकटते. म्हणून दुनळीला रंग द्यायचा तो जुन्याच रीतीने: सौम्य आम्लाचा हात फिरवून नळ्यांवर मुद्दाम बारीक गंज येऊ द्यायचा, तो उकळत्या पाण्यात शिजवायचा, तारेच्या मऊ कुंचल्याने झाडायचा, आणि हे सर्व पुन्हा पुन्हा करीत राहायचे, जोवर पोलादाची आणि लोखंडाची नक्षी आपापल्या छटेने वर येत नाही.

जुन्या शहरात दुरुस्तीचा रीतसर परवाना असलेले एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या फौजेच्या शिलेखान्यात काम केले होते. दुकानात शेगडा, कानसांचा एक फळा आणि आवक-जावक लिहिण्याची सरकारी नमुन्याची वही, एवढेच सामान. नळ्या पाहताच ते म्हणाले, “अण्णासाब, इसको निकेल मार देते. आईने के जैसा चमकेगा.” निकेल ही या भागाची जुनी हौस आहे, लग्नाच्या मिरवणुकीत, दसऱ्याच्या पूजेत शस्त्र झगझगीत दिसले पाहिजे, आणि गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते मिस्त्रींनी चाळीस वर्षे दिले होते. अण्णांनी पुस्तक उघडून ते पान मोठ्याने वाचले, मी जमेल तसे सांगत गेलो. पट्टीखालच्या डाखाचे ऐकताच मिस्त्री थांबले. आतल्या खोलीतून त्यांनी एक जुनी नळीची जोडी आणली. काळीभोर, देखणी, आणि पट्टी एका टोकाला उचकटलेली. कोणा गिऱ्हाइकाने कारखान्यातून परस्पर रंगवून आणली होती, आणि हे असे का झाले याचे उत्तर त्यांना इतकी वर्षे मिळाले नव्हते. त्यांनी ती जोडी पुस्तकाच्या चित्राशेजारी ठेवली व बराच वेळ चष्मा वर-खाली करीत पाहत राहिले.

गंजाची रीत त्यांना वडिलांकडून ठाऊक होती, केवळ कोणी मागत नसल्यामुळे मोडली होती. तेव्हा वैशाख चालू होता. लेखकाने इंग्लंडातील थंड हवेसाठी ओल्या फडक्यांची आणि वाफेच्या पेटीची योजना सांगितली होती, मिस्त्रींनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिले आणि म्हणाले, “बारिश में लाओ. अब्बी गंज क्या चढता!” आमच्या कोरड्या उन्हाळ्यात लोखंड महिनाभर उघडे राहिले तरी रंग बदलत नाही, हे खरेच आहे, जी हवा मुंबईकराच्या खिडकीचे गज न विचारता खाते, ती विकत घ्यायला गारखेड्यात कोठे जावे? आषाढात बंदूक वहीवर चढली. अण्णा रोज सकाळी जाऊन बसत; हात लावण्याची त्यांना कायद्याने मनाई होती, पाहण्याची नव्हती. पहिल्या हाताला नळ्या भयंकर दिसल्या, दुसऱ्याला त्याहून वाईट, आणि मग एके दिवशी झाडणीनंतर तपकिरी रंगाखालून पिळाची नक्षी वर आली, ती आल्याबरोबर मिस्त्रींनी हात आखडता घेतला. आणखी गडद करावी असे अण्णांचे म्हणणे होते. दोघांत पाऊण तास वाद झाला आणि पुस्तकाने मिस्त्रींची बाजू घेतली.

दस्त्यावरचा एक जुना पोचा मात्र अण्णांनी तसाच ठेवविला. ओला कपडा आणि तापली इस्त्री यांनी तो वर आला असता, तशी कृतीही ग्रंथात आहे. पण आजोबांच्या हातून ती बंदूक वाड्याच्या जोत्यावर पडली तेव्हाचा तो पोचा, आणि ती हकिकत घरात अजून तीन निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते.

पुस्तक सध्या माझ्याकडे आहे. मिस्त्रींनी त्यातून एकच मागणे केले. कृती त्यांना नको होत्या. डाखाविषयीचा मजकूर तेवढा त्यांना मराठीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहून पाहिजे होता. मराठी मी लिहिला, उर्दू त्यांच्या नातीने. दोन्ही कागद काचेत बसवून त्यांनी शेगड्याच्या वर भिंतीला लावले आहेत. गिऱ्हाईक येते, नळ्या फडक्यातून काढण्यापूर्वी तो मजकूर सावकाश, ओठ हलवीत, शेवटपर्यंत वाचते, मान डोलावते, आणि मग निकेलचा भाव विचारते.